सावकाश होऊ द्या

गोपिकाबाई ज्या घरी सवाष्ण म्हणून जेवून येत, त्या घरच्या बाईला देवी स्वतः जेवून गेल्याचं समाधान वाटे. कोणत्या पोथीत तसं लिहिलेलं नव्हतं, पण महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या त्यांच्या गल्लीत वीस वर्षं असंच मानत आले होते. पुरणपोळी घेऊन वाढणारी वाकली की गोपिकाबाईंचा हात ताटावर आडवा येत नसे. तुपाची धार सुरू झाली की त्या वाढणारीच्या तोंडाकडे हसून बघत राहत. थांबायचं कधी ते तिनेच ठरवावं. सोळा भाज्यांतली एकही तशी राहत नसे. वर जेवताजेवता रांधणारीला काही ना काही सांगत, की भोपळ्याला मेथीची फोडणी छान बसली, कढीचा आंबटपणा आज नेमका साधला. रांधणारीचं काळीज सुपाएवढं होई. शेवटी ताट असं लख्ख निघे की घासणारीला प्रश्न पडावा, यात काही वाढलं होतं की नाही.

म्हणून श्रावणातले शुक्रवार, नवरात्रातली अष्टमी, भाद्रपदातल्या महालक्ष्म्या या दिवसांसाठी गोपिकाबाईंना फार आधी सांगून ठेवावं लागे. त्यांतला महालक्ष्म्यांचा दिवस मात्र शामलाबाईंचा. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गल्लीत आलेल्या, घरं समोरासमोर. नागपंचमीच्या सकाळी शामलाबाई हळदीकुंकवाची कुयरी घेऊन रस्ता ओलांडत, कुंकू लावत आणि यंदाही माझ्याकडेच हं, एवढं बोलून परत जात. एकोणीस वर्षं त्यात खंड नव्हता.

आता देवीच्या वाट्याचं जेवणारी बाई सडपातळ कुठून राहणार? गोपिकाबाई आधी भरल्या अंगाच्या होत्या, मग लठ्ठ झाल्या आणि बेचाळिसाव्या वर्षी एकशे चौदा किलो भरल्या. यजमान चंद्रभान यांचं घराच्या पुढच्या खोलीतच बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं. बायकोच्या प्रत्येक पोलक्यात ते आतून चार बोटं कापड जास्त ठेवत, वर्षभराने शिवण उसवून पोलकं सैल करत आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसत.

गुडघे दुखत होते, रक्तात साखर निघाली होती, संकष्टीला टेकडीच्या गणपतीला चालत जाणं कधीचंच सुटलं होतं. तरी गोपिकाबाईंनी ते मनावर घेतलं नाही. घेतलं ते १९८६ सालच्या फाल्गुनात, एका सकाळी. पूजा झाली, आरती झाली आणि पाटावरून उठता येईना. सासूबाई कौशल्याबाईंनी एक हात धरला, चंद्रभाननी दुसरा धरला. तरी जमेना, तेव्हा दुकानात माप द्यायला आलेल्या दोन बायका आत आल्या आणि चौघांनी मिळून त्यांना उभं केलं. सगळे हसले. गोपिकाबाईही हसल्या. पण मग देव्हाऱ्याकडे बघताना त्यांना लाज वाटली. नमस्कार करून उठायला चार माणसं लागतात, असली कसली आपली भक्ती, असं मनात आलं आणि त्याच पावली त्या दुकानात जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, दवाखान्यात चला.

शहराच्या सदर भागात एक डॉक्टर परदेशातून शिकून नुकतेच आले होते. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. वरच्या अंगाला शिवण घालून लिंबाएवढी एक पिशवी वेगळी करायची, खाल्लेलं आधी तिच्यात जाईल, चार घासांत पोट भरेल आणि वजन उतरेल, असं समजावून सांगितलं. कौशल्याबाईंना ते मुळीच पटलं नाही. देवाने दिलेलं पोट माणसाने लहान करून घ्यायचं, म्हणजे देवाचं माप चुकलं म्हणायचं की काय, हा त्यांचा प्रश्न. चंद्रभानना मात्र चित्र बघताक्षणी सगळं समजलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. धागा कोणता वापरता, आणि पुढे वेळ आली तर उसवता येतं का. डॉक्टर म्हणाले, धागा नसतो, बारीक पोलादी पिना असतात. आणि उसवायचं आत्तापासून डोक्यात आणू नका. असे प्रश्न त्यांना कोणी विचारले नव्हते. ते चंद्रभानवर इतके खूश झाले, की निघताना दारापर्यंत सोडायला आले.

रामनवमी आटोपली आणि ऑपरेशन झालं.

बाराव्या दिवशी गोपिकाबाई घरी आल्या त्या एक कागद घेऊन. त्यावर लिहिलं होतं, पंधरा दिवस फक्त पातळ, दर पाव तासाने एक चमचा. आता चमचा म्हणजे कोणता? घरात चहाचा चमचा होता, तेलाचा होता, वाढायचे डाव होते. चंद्रभान कागद घेऊन पुन्हा सदरला जायला निघाले, तेव्हा कौशल्याबाईंनी त्यांना बसवलं. ऑपरेशनला त्या काहीही म्हणाल्या असोत, आता सून त्यांच्या हाती आली होती. त्यांनी फडताळातून आपल्या लग्नातलं पंचपात्र काढलं, त्यातली तांब्याची पळी चिंचेने घासली, पंचपात्रात वरणाचं पाणी ओतलं आणि सुनेच्या उशाशी येऊन बसल्या.

"तीर्थ घेतो आपण तसं घे," त्या म्हणाल्या. "तीर्थ कोणी घटाघटा पेते का वं?"

गोपिकाबाईंना हसू आलं आणि हसण्याने टाके ओढले गेले, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांनी उजवा हात पुढे केला. तळहातावर पळीभर वरणाचं पाणी आलं, ते त्यांनी डोळे मिटून घेतलं. कौशल्याबाईंना घड्याळ कळत नव्हतं. त्यांनी पाव तास मोजायला एक स्तोत्र धरलं. ते सावकाश म्हटलं की पाव तास होई. एक स्तोत्र, एक पळी. कधी वरणाचं पाणी, कधी ताकाची निवळी, कधी शहाळं. दुपारी चंद्रभान मशीन थांबवून आत येत आणि आईला चार स्तोत्रांची सुटी देत. त्यांना स्तोत्र येत नसे, ते मनगटावरचं घड्याळ बघत. पंधरा दिवसांत आपल्याकडून तीन चातुर्मासांएवढं पठण झालं, हे कौशल्याबाई मग गल्लीत सगळ्यांना सांगत फिरल्या. सुनेच्या पोटाच्या ऑपरेशनचा त्यांचा राग त्या पुण्यात कुठे विरघळला, त्यांनाही कळलं नाही.

पळीवरून पेज आली, पेजेवरून मऊ भात आणि वरण. वाटी मात्र अर्धीच. त्याच्यावर एक घास गेला, की छातीत दगड बसल्यासारखं होई आणि खाल्लेलं तसंच वर येई. जेवताना पाणी प्यायचं नाही, घास पंचवीस-तीस वेळा चावायचा. पहिले दोन महिने गोपिकाबाईंना स्वयंपाकघरात जावंसं वाटेना. फोडणीचा वास येई, हात सवयीने पोळपाटाकडे जाई आणि मग आठवे, की आपलं जेवण होऊन गेलं. कपाळावरचे केस गळू लागले. पण वजन उतरत होतं. चंद्रभान दर सोमवारी पोलक्याचं माप घेत आणि दोन्ही बाजूंनी आत घेत. गेली कित्येक वर्षं ज्या विषयावर ते गप्प होते, त्याच विषयावर आता त्यांना बोलायला फार आवडू लागलं होतं. गिऱ्हाइकांनाही सांगत, की यंदा घरच्या शिवणकामातच मान वर काढायला फुरसत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासणीला सदरच्या दवाखान्यात जावं लागे. तिथे व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. पोटाची ऑपरेशनं झालेले सगळे त्या दिवशी येत, वजन देत, लाल औषधाची सुई टोचून घेत आणि आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसत. ज्येष्ठातल्या सोमवारी गोपिकाबाईंच्या शेजारी एक उन्हाने रापलेली, काटक बाई येऊन बसली. पदराच्या गाठीतून तिने स्टीलची चुन्याच्या डबीएवढी डबी काढली, त्यातला दहीभात बोटाने घासाघासाने खाल्ला आणि डबी झाकून पुन्हा गाठीत बांधली. गोपिकाबाई बघतच राहिल्या.

ही सावनेरची बायजाबाई. जिनिंगमध्ये कापसाच्या कामावर होती. आठ वर्षांपूर्वी पोटात व्रण होऊन तिचं पाऊण पोट कापून काढलं होतं. लठ्ठपणासाठी पोट शिवून घेतात हे तिने पहिल्यांदाच ऐकलं आणि ती पदर तोंडाला लावून हसली. आपलं कापून न्यावं लागलं आणि हिने हौसेने शिवून आणलं, असं तिचं म्हणणं. पण तेव्हापासून दर पहिल्या सोमवारी दोघी एकमेकींसाठी बाकावर जागा धरू लागल्या. गरगरायला लागलं तर काय करायचं, ताक कधी घ्यायचं, एस.टी.त बसायच्या आधी किती खायचं, केस पुन्हा येतात की नाही, हे डॉक्टरांना विचारायचा धीर होत नसे. ते बायजाबाईला विचारता येई. केस येतात, असं बायजाबाईने सांगितलं आणि आपली वेणी पुढे घेऊन दाखवली. गोपिकाबाई त्या दिवशी ऑपरेशननंतर पहिल्यांदा गुणगुणत घरी आल्या.

श्रावण लागला. पहिल्याच शुक्रवारी गल्लीच्या टोकाच्या मीराबाईंकडून सवाष्णीचं बोलावणं आलं. मीराबाई वयाने मोठ्या, सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या, जिभेच्या जरा धारदार. गोपिकाबाईंना नाही म्हणवेना. थोडंच वाढा, असं त्यांनी आधी सांगायला हवं होतं. पण देवीसमोर पाटावर बसल्यावर, रांगोळी काढलेल्या ताटात पुरणाचा मुटका आणि तूप पडल्यावर, ते शब्द तोंडातून निघेनात. सवाष्णीने ताटात टाकून उठायचं नाही. वीस वर्षं पाळलेला नेम. त्या खात गेल्या. पाचवा घास, सहावा घास. आठव्या घासाला कपाळावर घाम फुटला. त्या ताटावरून उठल्या, अंगण ओलांडलं आणि तुळशीपासून चार हातांवर सगळं बाहेर पडलं.

मीराबाईंनी पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला, पण तोंडातून एक वाक्य निघून गेलंच. देवीचं जेवण उलटलं, असं त्या शेजारणीला म्हणाल्या. ते वाक्य गोपिकाबाईंच्या आधी त्यांच्या घरी पोचलं होतं.

नागपंचमीच्या सकाळी गोपिकाबाई अंघोळ करून, नवं आवळलेलं पोलकं घालून ओट्यावर बसून होत्या. समोर शामलाबाईंचं दार उघडं होतं. शामलाबाईंनी नागाची पूजा केली, लाह्या वाटल्या. दुपार झाली. कुयरी घेऊन कोणी रस्ता ओलांडला नाही. श्रावणाचे बाकीचे शुक्रवारही गेले, एकाही घरून बोलावणं आलं नाही. गोपिकाबाईंचं वजन अठ्ठ्याऐंशीवर आलं होतं, साखर उतरली होती, टेकडीच्या गणपतीपर्यंत त्या चालत जाऊन आल्या होत्या. पण ओट्यावर बसून समोरचं दार बघताना त्यांना वाटे, आपण उठायला शिकलो आणि आपला पाट गेला.

भाद्रपदाच्या आधीच्या सोमवारी बाकावर त्यांनी हे सगळं बायजाबाईला सांगितलं. आता कोणाच्याही पंगतीला जायचं नाही, असं ठरवलं असल्याचंही सांगितलं. बायजाबाईने डबीतला घास संपवला, बोट चाटलं आणि विचारलं, की आपल्याला आठ वर्षांत सावनेरात कोणत्या लग्नाच्या पंगतीतून कोणी उपाशी उठताना पाहिलं आहे का.

"माह्यंही पोट तुह्यावानीच लहान, तरी ताट साफ करून उठतो मी."

"कसं काय, मावशी? पंगत उठली का आपल्यालेही उठाच लागते नं."

"काहून? वाढणारा काय म्हणते तुले?"

गोपिकाबाईंनी जुन्या पंगती आठवून बघितल्या. मग आठवलं. प्रत्येक घरी, प्रत्येक पंगतीत, वाढून झाल्यावर यजमान हात जोडून एकच म्हणतो. "सावकाश होऊ द्या, म्हणते."

"मंग होऊ दे नं सावकाश. त्यायनं म्हणून दाखवलं, आपण करून दाखवायचं."

बायजाबाईची रीत अशी होती. पहिल्या पंगतीला बसायचं. जे वाढतील ते बोराएवढं घ्यायचं. एक घास, मग गप्पा, मग दुसरा घास. पहिली पंगत उठते, दुसरी बसते, तिसरी बसते. आपण आपल्या जागेवर. सुरुवातीला लोक चरफडले, एकदोघांनी टोमणे मारले, की बाईला मंडपच आंदण दिला काय. आता तिच्यासाठी भिंतीकडेची जागा सोडूनच पट्ट्या अंथरतात.

घरी परतताना गोपिकाबाईंनी सिटी बसमध्ये हिशेब केला. अर्धी वाटी पोटात उतरायला दोन तास लागतात. बारा वाजता बसलं, तर पाच वाजेपर्यंत दीड वाटी होईल. दीड वाटीत सोळा भाज्या, कढी, पुरण, वडा, आंबील, सगळं बोटाच्या पेराएवढं बसेल. ताटात काही टाकावं लागणार नाही. बसमधून उतरून त्या घरी गेल्याच नाहीत. सरळ शामलाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

शामलाबाई महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे रांगोळीने घासत बसल्या होत्या. गोपिकाबाईंना बघून त्यांचे हात थांबले. दोघींनी आधी दुसरंच काहीतरी बोलून घेतलं, ऊन किती आहे वगैरे. मग शामलाबाईच रडायला लागल्या. नागपंचमीला कुयरी भरून तयार होती, उंबऱ्यापर्यंत त्या दोनदा आल्या होत्या. पण आपण बोलावलं तर गोपिका आपल्यासाठी जिवावर उदार होऊन जेवेल, पोटाची शिवण तुटेल, आणि ते पाप महालक्ष्म्यांसमोर आपल्या माथी येईल, या भीतीने पाय अडला. दुसऱ्या कोणत्या सवाष्णीला त्यांनी अजून सांगितलंही नव्हतं. जागा रिकामीच ठेवायची, असं ठरवलं होतं.

गोपिकाबाईंनी बायजाबाईची रीत सांगितली. सांगताना त्यांनाच संकोच वाटू लागला. दिवसभर पाट अडवून बसायचं, तिन्ही पंगतींच्या मध्ये, घरात शंभर माणूस. शामलाला आधीच उसंत नसते. तुला चालेल का, असं त्या शेवटी अगदी हळू म्हणाल्या.

शामलाबाईंनी डोळे पुसले, त्यामुळे गालाला रांगोळी लागली. "माह्या महालक्ष्म्या तीन दिवस उभ्या राह्यतात घरी. अन् तुले चार-पाच घंटे बसता नाही येत काय वं?"

मग त्यांनी उठून कुयरी आणली. नागपंचमीचं कुंकू गोपिकाबाईंच्या कपाळाला श्रावण सरता सरता लागलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी बारा वाजता गोपिकाबाई पाटावर बसल्या. उजव्या हाताला देवीचं मखर, वर दोरीला टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा, डाव्या हाताला भिंत. पाठीला टेकू म्हणून कौशल्याबाईंनी एक गोधडी गुंडाळून ठेवली होती. शामलाबाईंनी स्वतःच्या हाताने वाढलं. प्रत्येक भाजी बोराएवढी, पुरण सुपारीएवढं, वडा मोडून एक तुकडा, ज्वारीच्या आंबिलीची छोटी वाटी. चांदीच्या ताटात ते सगळं असं दिसत होतं, जसं मुलींनी भातुकली मांडली आहे.

गोपिकाबाईंनी पहिला घास घेतला. घास तीस वेळा चावावा लागत होता, त्यामुळे चव तीस वेळा येत होती. त्यांच्या लक्षात आलं, की आपण एकोणीस वर्षं या घरी जेवलो, पण अंबाडीच्या भाजीत शामला थोडी तुरीची कणी घालते हे आज पहिल्यांदा कळतंय. त्यांनी तसं सांगितलंही. शामलाबाई तूप वाढता वाढता थबकल्या आणि म्हणाल्या, की हे आजवर घरच्या माणसांनाही समजलेलं नाही.

पहिली पंगत सवाष्णींची. पाऊण तासात ती उठली, हात धुवायला गेली. गोपिकाबाई तिसऱ्या भाजीवर होत्या. एकदोघी वळून बघत होत्या, कुजबुज झाली. एका म्हातारीने, हात वाळला की उठावं बाई, असं सुचवलं. शामलाबाई दारातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, सावकाश होऊ द्या. हे वाक्य इतक्या मनापासून त्या घरात त्याआधी कोणी म्हटलं नसेल.

दुसरी पंगत पुरुषांची बसली. त्यात चंद्रभान होते. बायको समोर पाटावर आणि आपण पुरुषांच्या रांगेत, लग्नातल्यासारखं, या कल्पनेने त्यांचे कान लाल झाले. कोणीतरी म्हणालं, टेलरसाहेब, घास द्या, नाव घ्या. चंद्रभाननी मान खाली घालून सगळी कढी संपवली. गोपिकाबाईंचे पाय आखडले. त्यांनी मांडी बदलली, एक घास घेतला आणि फुलोऱ्यातल्या करंज्या मोजत बसल्या. तिसऱ्या पंगतीला मुलाबाळांचा गोंधळ होता. त्यांना सोबत जेवायला कोणीतरी मोठं लागतंच. गोपिकाबाई सगळ्यांच्या पोळ्यांवर नजर राखत हळूहळू आठव्या भाजीवरून बाराव्या भाजीवर पोचल्या. पोटात दगड बसला नाही. घाम आला नाही. त्यांना मनातून हसू फुटत होतं.

चार वाजून गेले आणि हळदीकुंकवाला बाहेरच्या बायका यायला लागल्या. खरी गंमत तिथेच झाली. आत येणारीला दिसे काय, तर मखरात दोन महालक्ष्म्या उभ्या आणि त्यांच्या शेजारी पाटावर, समोर ताट घेऊन, एक बाई शांतपणे बसलेली. पहिल्यांदा आलेलीने देवीला कुंकू लावलं आणि त्याच हाताने गोपिकाबाईंना लावलं. दुसरी वाकून पाया पडली. तिसरीने ओटीत नारळ घातला. गोपिकाबाईंचा उजवा हात उष्टा, नमस्कारही करता येईना. मागून आलेल्या बायकांनी पुढचीला बघून तसंच केलं. कोणाला वाटलं नवस आहे, कोणाला वाटलं काही नवीन व्रत आहे. एका नव्या सुनेने जवळ बसून आदराने विचारलं, हे व्रत किती वर्षांचं असतं.

"व्रत नाही वं बाई. पोट शिवलं आहे माह्यं, म्हणून हळू जेवावं लागते."

त्या पोरीला ते नीट कळलं नाही. तिने आणखी आदराने विचारलं, की मग याचं उद्यापन केव्हा करतात.

"याले उद्यापन नाही," गोपिकाबाई म्हणाल्या. "हे जन्मभराचं आहे."

देवीसमोर खोटं बोलायचं नाही म्हणून त्या प्रत्येकीला खरं सांगत राहिल्या, आणि जेवढं खरं सांगत तेवढा पायाशी नारळांचा ढीग वाढत गेला.

आणि मग मीराबाई आल्या. मीराबाईंनी देवीला हळदीकुंकू वाहिलं आणि गोपिकाबाईंच्या ताटाकडे बघितलं. ताटात चमचाभर आंबील आणि पुरणाचा शेवटचा कण उरला होता. बाकी सगळं पुसल्यासारखं. गोपिकाबाईंनी पुरण तोंडात घातलं. मीराबाई उभ्याच होत्या. तीस वेळा चावून होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. गोपिकाबाईंनी आंबील प्यायली, ताटाभोवती बोट फिरवलं, ताट रिकामं झालं. वर काही आलं नाही.

मीराबाई खाली बसल्या. भिंतीला टेकून, गोपिकाबाईंच्या कानाशी लागून बोलल्या. पण जिभेला धार असणाऱ्या बायकांचा कानातला आवाजही चार जणींना ऐकू जातो.

"तुले म्हणून सांगून राहिली. पंधरा वर्षं झाले, माह्या छातीत जळजळते. पंगतीतली अर्धी पोळी पदरात लपवावी लागते, अन् घरी गेल्यावर गाईले देतो."

गोपिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. देवीचं जेवण उलटलं म्हणणारी बाई पंधरा वर्षं देवीचं जेवण पदरात पळवत होती. त्या हसू लागल्या. आधी आवरून, मग आवरेना. मीराबाई रागावणार असं वाटलं, पण त्याही हसू लागल्या, आणि ते कानावर गेलेल्या चौघीजणीही. शामलाबाई हातात परात घेऊन आल्या होत्या ताट उचलायला. मीराबाईंनी ते ताट जाऊ दिलं आणि दुसरं मागितलं. सकाळपासून घरी काही खाल्लेलं नाही, बोराएवढं वाढ, असं म्हणाल्या. पाटाशिवायच त्या भिंतीकडेला जेवायला बसल्या आणि गोपिकाबाई त्यांच्या सोबतीला, हात न धुता, तशाच बसून राहिल्या.

पुढच्या वर्षी शामलाबाईंनी भिंतीकडेला चार पाट मांडले. बायजाबाई सावनेरहून एस.टी.ने आली. दवाखान्यातल्या कंपाउंडरनेच तोवर नव्या ऑपरेशनच्या बायकांना गोपिकाबाईंचा पत्ता द्यायला सुरुवात केली होती. महालात कोणालाही विचारा, सावकाश जेवणाऱ्या बाई कुठे राहतात, असं तो सांगे. त्या येत, ओट्यावर बसत, डोक्यावरचे विरळ केस दाखवत, आणि कौशल्याबाई त्यांना पळी आणि स्तोत्राचा हिशेब शिकवत. चंद्रभान माप न घेता नुसतं बघून सांगत, की पुढच्या महिन्यापर्यंत दीड इंच कमी होतील.

तिसऱ्या वर्षी भिंतीकडे सहा पाट होते. सहाव्यावर एक तरुण बाई बसली होती, दीड महिन्यापूर्वी ऑपरेशन झालेली. तिच्या ताटात फक्त आंबिलीची वाटी होती. पहिली पंगत उठली तशी तीही घाबरून उठायला लागली. गोपिकाबाईंनी डाव्या हाताने तिचा पदर धरला आणि खाली बसवलं. इथे आपल्याला कोणी उठवत नाही, म्हणाल्या.

पोरीने एक घोट घेतला. मग हळूच विचारलं, "अन् पायाले मुंग्या आल्या तं?"

"तं मांडी बदलायची," गोपिकाबाई म्हणाल्या, आणि बदलून दाखवली.